"हे घड्याळ माझं नाही"

मंडळी, मला जुन्या मनगटी घड्याळांचा नाद आहे, हे प्रताप नगरातल्या आमच्या मराठी घरांना माहीत आहे. आज सकाळी शेजारच्या काकूंनी त्यासाठीच हाक मारली.

काकांना विसरण्याचा आजार आहे. त्यांचं जुनं घड्याळ मध्यंतरी दुरुस्तीला दिलं होतं. ते परत आल्यापासून काका रोज म्हणतात, "हे माझं नाही. चावी देताना हाताला वेगळं लागतं." घड्याळाच्या पाठीवर त्यांचंच नाव कोरलेलं, त्यामुळे घरचे समजावून थकले होते.

"एकदा तू बघ आणि सांग त्यांना," काकू म्हणाल्या. "तुझं ऐकतील."

मी मागचं झाकण उघडलं. घड्याळाची बाहेरची केस काकांचीच होती. आतलं मशीन मात्र दुसऱ्याच कंपनीचं, मापाने लहान. ते हलू नये म्हणून भोवती प्लास्टिकची रिंग बसवली होती. तबकडीही नव्याने रंगवून गोंदाने चिकटवलेली.

"काका, तुमचं बरोबर आहे," मी म्हणालो. "आतलं मशीन बदललंय."

काकांनी काकूंकडे पाहिलं. "मी सांगत होतो ना?" एवढंच म्हणून ते चहा पिऊ लागले.

काकांचा मुलगा दुरुस्तीच्या दुकानात जाऊन विचारणार आहे. जुनं मशीन परत मिळेल असं मला वाटत नाही.

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. "ते आणखीही बरंच काही सांगत असतात रे," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही सगळंच आजारात धरत आलो."

मंडळी, तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्यांचं कोणतं म्हणणं खरं मानायचं, हे तुम्ही कसं ठरवता?