तिचे हसरे दिवस मी लपवले

“हा बायपोलर मूड डिसऑर्डर आहे,” वाशीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या. “मन कधी खोल खाली जातं, कधी ताब्याबाहेर वर चढतं. दोन्ही आजारच.” मग त्यांनी जुना केसपेपर माझ्यापुढे सरकवला. “मागे मी विचारलं होतं, याआधी कधी फार उत्साहाचे दिवस आले होते का? तुम्ही नाही म्हणालात.”

माझी बायको सुनंदा शेजारच्या खोलीत इंजेक्शननंतर झोपली होती. मी खोटं बोललो होतो. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्यात आमचं वन रूम किचन, पावण्याच्या कारखान्यात माझी शिफ्ट ड्यूटी. त्या हिवाळ्यात सुनंदा एकदम खुलली. पहाटे उठून घर धुवायची, गाणी म्हणायची, दुपारी ठेवणीतली साडी नेसून बसने वाशीला जायची. शेजारीण मला म्हणाली, “वहिनी मजेत आहेत हां हल्ली! तुमची सेकंड शिफ्ट लागली की रोज फिरायला!”

मी शिफ्ट बदलून घेतली आणि तिच्या मागावर गेलो. घाऊक बाजारात कांद्याच्या गोण्यांपाशी ती एका माथाडीशी बोलत होती. तो तिच्याच साताऱ्याकडचा होता, हे मला नंतर कळलं. ती मान मागे टाकून हसत होती. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, माझ्यासमोर ती तशी कधी हसली नव्हती. मी गोण्यांआड उभा होतो. तिला न विचारता रोज तिच्या चपलांची धूळ बघू लागलो.

फेब्रुवारीत हसणं थांबलं. अंघोळ नको, जेवण नको, दिवसभर भिंतीकडे तोंड. खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. त्यानं सोडलं हिला, असं मनात आलं. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, “मला जगायचं नाही हो,” तेव्हा कुठे मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. माझ्या लेखी ते दिवस म्हणजे आजार नव्हता, लफडं होतं. घरची अब्रू केसपेपरवर कशी चढवायची?

डिप्रेशन, म्हणजे खोल उदासी, एवढंच धरून गोळ्या मिळाल्या. नुसत्या त्या गोळ्यांनी असा रुग्ण उलट वर उसळू शकतो, हे मला पुढे कळलं. तिसऱ्या आठवड्यात सुनंदाची झोप उडाली. चौथ्या दिवशी सकाळी ती घरातून निघून गेली.

दुपारी दारात तोच माथाडी उभा. मागे सुनंदा, एकसारखी बोलत, हसत. मी त्याची कॉलर धरली. त्यानं हात खालीच ठेवले.

“मारा दाजी, मारायचं तर.” तिकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. त्यानं गाठ मारलेला रुमाल माझ्या हातात दिला. आत तिच्या सोन्याच्या बांगड्या होत्या. “ताई बाजारात वाटत हुती ह्या. पर आधी तिला डाक्टरकडं न्या. माझी थोरली बहीण अशीच हसायची. आमी म्हटलं, चला, बरी झाली. तिनं हिरीत उडी घेतली.”

आम्ही रिक्षा केली. सुनंदा मध्ये बसली होती आणि तेव्हाही मी त्याचा गुडघा तिला लागतो का, ते बघत होतो.

दवाखान्यात मात्र सगळं सांगितलं, गोण्यांआडून पाहिलेलंसुद्धा. “हे आधी कळलं असतं तर मी औषध वेगळं दिलं असतं,” डॉक्टर एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

एकोणीस दिवस ती दवाखान्यात होती. लिथियम सुरू झालं. त्यासाठी सीरम लिथियम, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एक वही सुरू केली. तिची झोप, रडणं, हसणं, सगळं त्यात लिहितो. झोप घटली आणि हसणं वाढलं, तर ते आजाराचं, असं त्यांनी सांगितलं होतं. तुम्हीही लिहा. माणूस आनंदात दिसतो ते दिवस तर आवर्जून सांगा.

एकदा रक्त तपासायला देऊन परतताना आम्ही बाजारात गेलो. मला त्या माथाडीची माफी मागायची होती. तो म्हणाला, “राहू द्या दाजी. कॉलर जुनीच हुती, नवी घेऊन द्या म्हंजे झालं.” सुनंदा मान मागे टाकून हसली. माझी नजर सवयीनं तिच्या चपलांकडे गेली. या खेपेला मी तिच्या शेजारी उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

“काल रात्री सात तास झोपले,” ती म्हणाली. “वहीत आहे. हसू ना?”

मी म्हटलं, “हस.”