बिनहाडाची गटारी

आमच्या घरात श्रावण फ्रीझरपासून सुरू होतो. देव, समया, निरांजनं घासायची ती नंतर. आधी फ्रीझर रिकामा करायचा, बर्फ वितळू द्यायचा आणि आतून हळदीच्या पाण्याने पुसून घ्यायचा. नियम सासूबाईंचा. त्या गेल्यावर सासऱ्यांनी तो चालवायला घेतला आणि त्यांच्याहून कडक केला. कोपऱ्यात एखादी कोळंबी चिकटून राहिली तरी देवापुढे दिवा लागत नाही. बंद पाकिटातलं चालत असेल, असं नवऱ्याने एकदा म्हणून पाहिलं होतं. "झोपलेली कोंबडी पन कोंबडीच हाय," एवढंच सासरे बोलले आणि विषय संपला.

बरं, फ्रीझरही आमचा साधा नाही. खांदा कॉलनीतल्या आमच्या छोट्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये आडवा पसरलेला, आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसला आहे. नवरा तळोज्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. तिथे जुने फ्रीझर काढले तेव्हा एक त्याने हौसेने घरी आणला. मी त्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी ठेवून तो झाकायला बघते. घरात येणारा प्रत्येक जण आधी फुलदाणी उचलतो आणि झाकण उघडून आत काय आहे ते पाहतो.

गेल्या आषाढात नवऱ्याच्या कंपनीत कुठल्याशा मोठ्या हॉटेलाची ऑर्डर रद्द झाली आणि चिकन ब्रेस्टची खोकी कामगारांना वाटून टाकायचं ठरलं. ज्याला हवं त्याने हवं तेवढं न्यावं. शहाण्या माणसाने एक खोकं नेलं असतं. पण आमच्या भावकीत एकट्यापुरतं कुणी काही आणत नाही. शेतातली काकडी असो नाहीतर लग्नातले लाडू, घरटी वाटा निघतो, आणि तो निघाला नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. बेलपाड्यात आमच्या भावकीची जितकी घरं आहेत तितकी खोकी नवऱ्याने टेम्पोत घातली. आधी कुणाला विचारलं नाही. कोंबडीला कोण नको म्हणणार, असा त्याचा हिशेब.

सगळ्यांनी नको म्हटलं.

बिनहाडाची कोंबडी आमच्याकडे कोंबडीत धरतच नाहीत. पंगत उठली की प्रत्येक ताटाशेजारी हाडांचा ढीग राहतो आणि तो ढीग सगळे बघतात. कुणी किती खाल्लं, नळी फोडून आतलं ओढून घेतलं की तशीच टाकली, सगळं त्यावरून कळतं. मी पनवेल गावातल्या मास्तरांची मुलगी. लग्नानंतरच्या पहिल्या पंगतीत माझ्या ताटाकडे बघून चुलतसासूबाईंनी विचारलं होतं, की सुनेने कोंबडी खाल्ली की नुसती ओळख करून घेतली? अशा माणसांपुढे नवऱ्याने पांढऱ्याफटक, बर्फाने कडक झालेल्या, एका मापाच्या लाद्या नेऊन ठेवल्या. तुमच्याकडे फ्रीझर आहे, तुम्हीच ठेवा, असं प्रत्येक दारात ऐकून टेम्पो भरल्या पोटाने परत आला. फुलदाणी जमिनीवर गेली. फ्रीझरचं झाकण मी त्यावर बसून लावलं. श्रावण तोंडावर आलेला. नवऱ्याला मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

पण खोक्यांचा राग वरवरचा होता. मनात घोर होता तो सासऱ्यांचा.

सासरे एकेकाळी लग्नघरच्या हळदीचे आचारी. भावकीत कुणाचीही हळद असो, कोंबडीच्या टोपाशी तेच उभे असायचे आणि नंतरच्या पंगतीत त्यांच्याच ताटाशेजारचा ढीग सर्वांत उंच असायचा. हाडं अशी स्वच्छ, की मांजरही वास घेऊन पुढे जाई. त्या आधीच्या हिवाळ्यात त्यांचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी बसवली. ती त्यांना टोचायची. पुन्हा डॉक्टरकडे जायचं नाव काढत नव्हते, आणि कवळी कुणासमोर काढत तर नव्हतेच. झोपतानासुद्धा दार लावून काढायचे. तेव्हापासून रविवारी ताटं मांडली की त्यांना पित्त व्हायचं. आमच्या आधी एकटेच वरणभात खाऊन खोलीत जायचे. मी एकदा मऊ तुकडे निवडून वाटीत दिले, तर वाटी भरलेलीच परत आली. "माजं येगलं नको," म्हणाले. मी पुन्हा तो प्रयत्न केला नाही.

गटारीला, म्हणजे सोयीने श्रावणाआधीच्या शेवटच्या रविवारी, भावकी आमच्याकडे जेवायला येते. त्या पंगतीत सासरे बसतील की नाही, एवढाच प्रश्न मला छळत होता. भावकीसमोर एकदा पित्ताचं कारण सांगितलं, की तो माणूस कायमचा पंगतीतून उठला, अशी माझी धास्ती होती.

दरम्यान रोज कोंबडी शिजत होती. पहिल्या दिवशी मी सवयीने तासभर रटरटू दिली, तर चोथा झाला. लेकीने एक तुकडा चघळत पूर्ण मालिका पाहिली. दुसऱ्या खेपेला चिडून ती शिजवत बसलेच नाही, रस्सा आधी उकळून घेतला आणि तुकडे अगदी शेवटी सोडले, तर चक्क बरे लागले. मग मला चेव आला. हे मांस त्याच्या धाग्यांना आडवं कापलं तर मऊ राहतं आणि उभं कापलं तर सूडच घेतं, हे कळलं. मिठाच्या पाण्यात ठेवलं की कोरडं पडत नाही, हेही कळलं. एक दिवस सुरमईसारखे पातळ काप केले, कोकमाचं आगळ आणि घरचा मसाला चोळला, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडले. नवरा म्हणाला, आज मासे कुठून आणलेस? लोणचं घातलं. वालाच्या बिरड्यात घातली. डब्यात दिली, शेजारी दिली, वरच्या मजल्यावरच्या व्यायामवाल्या पोराने तर वाकून नमस्कार केला. मी शाळेत शिकवते, तिथे स्टाफरूममध्ये माझा डबा उघडायच्या आधीच बायका हात धुऊन बसू लागल्या. इतकी मजा स्वयंपाकात मला कित्येक दिवसांत आली नव्हती. फ्रीझरचा तळ मात्र दिसत नव्हता.

अशाच एका दुपारी ताटं उचलताना मी थबकले. माझं ताट, नवऱ्याचं ताट, लेकीचं ताट, तिन्ही सारखी. शेजारी काहीच नाही. ढीग कुणाचाच नाही. ही कोंबडी खाताना कुणाचं ताट वेगळं दिसणारच नव्हतं.

मी जाहीर करून टाकलं की यंदाची गटारी याच कोंबडीवर होणार, बाहेरून पावशेर आणायची नाही. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. भावकी आपल्याला आयुष्यभर हसेल, असं तो म्हणाला. हसू दे, मी म्हटलं, वाटा त्यांचाच आहे, येऊन खा म्हणावं. आवाज वाढला तसे सासरे खोलीच्या दारात आले. त्यांनी गटारीचा बेत ऐकला आणि त्यांच्यातला आचारी दुखावला. हाड नाही तर रस्सा कसला, असं काहीसं पुटपुटले. माझं डोकं आधीच तापलेलं. फ्रीझर श्रावणाआधी रिकामा तुम्हालाच हवा आहे ना बाबा, मग दारात उभं राहून नावं ठेवू नका, आत या आणि करून दाखवा, असं मी सरळ बोलून गेले. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

सासरे आत आले, स्टूल ओढून बसले आणि कोयता मागितला.

गटारीच्या सकाळी घरात नुसती ठकठक चालली होती. ते खिमा मशीनवर करू देईनात. लाकडी ठोकळ्यावर कोयत्याने, हलक्या हाताने, उरलेल्या सगळ्या मांसात कांदा-कोथिंबीर-हिरवी मिरची मिसळत त्यांनी तो कापला आणि मला गोळे वळायला दिले. घट्ट दाबलेस तर दगड होतील, म्हणाले. नवऱ्याला त्यांनी कोंबडीवाल्याकडे पिटाळलं आणि नुसत्या माना, पाय आणि पाठीची हाडं आणायला लावली. ती मोठ्या टोपात उकळत ठेवली. वाटण भाजलं. खोबरं काळं होईपर्यंत मला हलू दिलं नाही. हाडांचा सगळा अर्क पाण्यात उतरल्यावर त्यांनी ते पाणी फडक्यातून गाळून घेतलं.

"हाड रश्शात पायजे," फडकं पिळत ते म्हणाले, "ताटात नसलं तरी चालतं."

माझ्याकडे बघितलं नाही. पण मला कळलं की त्यांना सगळं कळलंय. मी वळून तांदळाच्या भाकऱ्या थापायला घेतल्या, कारण डोळे भरून आले होते आणि कांदा तर केव्हाच कापून झाला होता.

दुपारी भावकी आली. प्रत्येकाने फ्रीझर उघडून पाहिला. तो रिकामा होता, हळदीच्या पाण्याने पुसलेला. चुलतसासूबाईंनी तोंड वाकडं करून विचारलं की आज कापसाची भाजी का? मग टोपावरचं झाकण निघालं, वास सुटला आणि प्रश्न बंद झाले. हॉलमध्ये सतरंजी घालून पंगत मांडली. सासरे वाढायला उभे राहिले. मी वाढतो, मग जेवतो निवांत, असं म्हणाले. हीच मला भीती होती. मी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली आणि मधोमध मांडलेल्या ताटाकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणणार? ते बसले.

रस्सा ओरपल्याचे आवाज तेवढे येत होते. सासऱ्यांनी भाकरी कुस्करून रश्शात भिजवली, एक गोळा मोडला, खाल्ला. दुसरा अर्धा खाऊन मात्र हात थांबला. जबडा एका बाजूला धरून ते तसेच बसून राहिले. टोचत होतं. मी पळी घेऊन उभी होते. आता उठतात, असं वाटलं.

नेमक्या त्याच वेळी चुलतसासूबाईंची नजर त्यांच्या ताटाकडे गेली. त्या काही दुष्ट नाहीत, पण त्यांना जीभ आवरत नाही.

"भावजी, आज तुमचा ढीग नाय दिसत."

नवरा भाकरीकडे बघू लागला. सासऱ्यांनी मान वर केली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक ताट बघत गेले. तरुण पुतण्यांची ताटं, सुनांची, चुलतसासूबाईंचं स्वतःचं. सगळी सारखी. कुणाच्याही शेजारी काही नव्हतं.

"कुनाचाच नाय," ते म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी हात तोंडाला नेला, कवळी बाहेर काढली, भांड्यातल्या पाण्यात खळखळवली आणि ताटाच्या उजव्या बाजूला, जिथे त्यांची हाडं रचली जात तिथे, सर्वांसमोर ठेवून दिली.

"ह्यो माजा ढीग," बिनदाताच्या तोंडाने ते म्हणाले. "वाढ गो बाय."

चुलतसासूबाईंना हसता हसता ठसका लागला. मी हसत होते, रडत होते आणि वाढत होते. सासऱ्यांनी नुसत्या हिरड्यांवर किती गोळे खाल्ले ते मी मोजलं नाही. रस्सा मात्र त्यांनी तीनदा मागून घेतला आणि पंगत उठली तरी ते बसूनच होते.