टर्बाईन नानांनी पसंत केलेला टेप

नाना कोणत्याही यंत्राला आधी कान लावत. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक यंत्रावर, लाकडी मूठ कानाशी आणि डोळे मिटलेले. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात त्यांनी उभी हयात टर्बाईनच्या बेअरिंगचा आवाज असा ऐकण्यात घालवली होती. निवृत्त होऊन ते महाल भागातल्या आमच्या गल्लीत राहायला आले, आणि आठवड्याभरात कुणाचं शिलाई मशीन, कुणाचा पंखा त्यांच्या पेचकसाखाली आला. पाठीमागे आम्ही त्यांना टर्बाईन नाना म्हणायचो, तोंडावर नुसतं नाना.

पुढे पुढे तर नानांना विचारल्याशिवाय गल्लीत साधी इस्त्रीसुद्धा येईना. दुकानदार मालाचे गुण गाऊ लागला की नाना म्हणत, "तू चूप बस ना गा. तिले बोलू दे." बर्डीच्या बाजारातला एक दुकानदार नाना दिसताच आपल्या डोक्यावरचा पंखा बंद करून घाम पुसत बसायचा, कारण पंख्याच्या आवाजात नाना काही ऐकून घ्यायचे नाहीत.

मला टेपरेकॉर्डर हवा होता तो आत्यासाठी. बालविधवा झालेली ही माझी आत्या आमच्याकडेच असे. भाद्रपद संपला की कोजागिरीपर्यंत पोरीबाळी अंगणात जमून म्हणतात ती भुलाबाईची गाणी म्हणावीत तर तिनंच. महिनाभर रोज वेगळं गाणं म्हटलं तरी कोजागिरीला तिच्याकडे शिल्लक उरत. तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील का, यावर डॉक्टर नुसते मान हलवत. ऑपरेशनच्या तारखेला सव्वा महिना होता, तेवढ्यात गाणी टेप करून घ्यायची होती. "काहून एवढा जीव काढून राहिला?" आत्या म्हणाली. "पोरीले येतातच ना." गल्लीतल्या पोरींना निम्मीअर्धी येत होती, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

नाना माझ्याबरोबर तीन रविवार बर्डीवर आले. दुकानदारालाच ते लांब 'आ' लावायला सांगत, मग टेप मागे फिरवून ऐकत. पहिल्या रविवारी म्हणाले, "आवाज लहरून राहिला. मोटर एकसारखी फिरत नाही." दुसऱ्या रविवारी भिंतीवरचं बटण बंद करायला लावलं. "घरच्या लाईनवर सगळेच शहाणे. सेलवर चालवून दाखव." आत्या बायकांच्या घोळक्यात अंगणात गाणार, तिथे वायर कुठून नेणार? तिसऱ्या रविवारी मात्र त्यांनी एका काळ्या, बोजड टेपवर पेचकस ठेवला, बराच वेळ ऐकलं आणि पेचकस खिशात घातला. "हा घे. दिसाले बेढब आहे, पण इमानदार आहे."

मी घेतला नाही. मुंबईहून रुपेरी टेप यायचे होते, माईक आतच बसवलेला. तसा एक मी आमच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावर पाहिला होता आणि तेव्हापासून माझा जीव त्यात अडकला होता. "पंधरा दिवसच थांबू, नाना," मी म्हटलं.

"गाणं आत्याले म्हणायचं आहे का टेपले?" नानांनी विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

अकराव्या दिवशी आत्याला श्वास घेता येईना. ऑपरेशन त्याच दिवशी करावं लागलं. ती वाचली. आवाज गेला.

घरी आणल्यावर गल्ली भेटायला लोटली. नाना दाराशी स्टुलावर बसले होते. कुणीतरी विचारलं, "टेप घेणार होते ना तुम्ही? काय झालं?" आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "काय करता, नानांना एकही पसंत पडेना." सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांची चिकित्सा कुणाला माहीत नव्हती? नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते उठले, आत्याला "येतो, बाई" म्हणाले आणि गेले.

उद्या जाऊन पाय धरू, असं मी ठरवलं. पण उद्या गेलो नाही, परवाही नाही. नंतर तर ते समोरून आले की मीच दुसऱ्या गल्लीत वळायचो. इतका मी नीच वागलो. नानांनी खरेदीला जाणं सोडलं. कुणी बोलवायला आलं तर म्हणत, "तुमचं तुम्ही पाहा गा. माह्या भरवशावर नका राहू." दोनेक वर्षांनी ते रायपूरला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले.

त्यांची मुलगी घर विकायला आली तेव्हा भेटली. म्हणाली, "बाबा शेवटी शेवटी एकच घेऊन बसले होते. त्या बाईचा आवाज माह्यापायी गेला, म्हणायचे. पहिल्याच रविवारी घेऊ द्याले पाहिजे होता, म्हणायचे."

मी खोटं बोललो ते गल्लीनं मानलं, हे मला माहीत होतं. नानांनीही ते मानलं असेल, हे मनातही आलं नव्हतं. त्या काळ्या टेपची गोष्ट मी तिला तिथेच, अंगणात उभ्या उभ्या सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली. रागावली नाही.

"हे बाबाले सांगायचं होतं ना, भाऊ," ती म्हणाली.