पुरणपोळीच्या कार्यक्रमात पिठलं

"ताई, पुरणपोळी आज माझ्याच्यान सांगवणार नाय," सखूमावशी स्टुडिओच्या दारातच म्हणाल्या.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. मी तेव्हा रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमाची असिस्टंट होते. सखूमावशींची लालबागला गिरणी कामगारांची खानावळ; हाताला चव आणि जिभेला धार. पाककृती सांगायला मीच त्यांना शोधून आणलं होतं.

"काय झालं मावशी?"

"आमच्या मजल्यावरचा शंकर गेला. मोर्च्यात गोळी लागली. सकाळी त्याच्या आवशीला मीच पिठलं-भात भरवला. आता तिच्या कानावर पुरणपोळी घालू? उद्या तिला तोंड कसं दाखवू?"

माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात नेऊन देतात, हे वेगळं सांगायला नको. रेडिओचं मात्र सांगायला हवं. आमचा कार्यक्रम लाइव्ह जायचा. माणूस बोलला की थेट घरोघरी. म्हणून स्क्रिप्ट आधी मंजूर करून घ्यायची आणि शब्दही बदलायचा नाही.

मी साहेबांकडे धावले. "सर, त्यांना पुरणपोळीऐवजी पिठलं सांगू दे."

साहेब गिरगावचे. त्यांना सगळं कळत होतं, तीच तर पंचाईत. म्हणाले, "आज पिठलं म्हणजे काय, ते दिल्लीला कळणार नाही, मला कळतं. दुखवटा कधी पाळायचा ते वरून ठरतं. छापलंय तेच होईल."

"मग कार्यक्रम रद्द करून गाणी लावू या."

"बाई, तुम्हाला नोकरी करायची आहे ना?"

मी परत येऊन मावशींना साहेबांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी पदर खोचला. "बरं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, तयार झाल्या.

लाल दिवा लागला. अनाउन्सरने गोड आवाजात सांगितलं, "लालबागच्या सखूबाई आज शिकवणार आहेत खमंग पुरणपोळी." मावशींनी समोरचा कागद पालथा घातला. काचेपलीकडून साहेबांनी ते पाहिलं.

"बायांनो," मावशी म्हणाल्या. तेवढ्यात साहेबांनी फेडर खाली ओढला. फेडर म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करायची कळ. सतारीची रेकॉर्ड लागली.

मावशींचे डोळे मिटलेले. दिवा विझलेला त्यांना दिसला नाही. "आज पुरण नको. पिठलं करा, पातळ करा. रडून घसा सुकलेला असतो, घास उतरत नाय..." सगळी कृती त्यांनी शेवटपर्यंत सांगितली. मी समोर उभी होते. थांबवायला जीभ रेटेना. आपलं बोलणं चाळीपर्यंत पोचलं, याच समाधानात त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी लालबागला गेले. शंकरची आई भिंतीला टेकून बसली होती. मी सांगितलं, "मावशींनी पिठलंच सांगितलं हो. आमच्या लोकांनी आवाज बंद केला."

"बातम्यांसाठी रेडिओ लावलेला, बाई," ती म्हणाली. "पुरणपोळीच बोलले. सगळ्या मजल्याने ऐकलं."

गिरणीच्या लोकांनी सखूमावशींच्या खानावळीची पायरी सोडली. पुढे त्या मालवणला निघून गेल्या. साहेबांना बढती मिळाली. मला अजूनही त्या माणसाचा संताप येतो.

हल्ली नातसून विचारते, "आजी, टीव्हीवर रेसिपीचा कुठला कार्यक्रम चांगला?"

मी सांगते, "बाईला बोलणं पुरं करू देतात तो बघ. पदार्थ काय, कुठलाही चालेल."