आधी लोखंडाला हात

दुपारी जेवून आडवा होतो. मागच्या गल्लीतले यंत्रमाग खटखटतायत. उशीखालचा अडकित्ता टोचतो. आईनं ठेवलाय, मी झोपेत अण्णाशी बोलतो म्हणून. लोखंड असलं की गेलेलं माणूस जवळ येत नाही, म्हणते.

अण्णा म्हणजे सन्मती, माझा थोरला भाऊ. गेल्या गणपतीत डेंग्यूनं गेला. मला तो यायला हवाय. अडकित्ता पलंगाखाली सारतो.

मागांचा आवाज बारीक होत जातो, कॉम्प्युटरच्या पंख्यासारखा. टेबलाशी अण्णा बसलाय. समोर आमचं ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर चित्र आणणारं, जुन्या जमान्यातलं, भंगारात मिळालेलं. मूळ बोर्ड जळालेला. व्हिडिओ बघून बघून आम्ही हुबेहूब नवा बनवत होतो. जुनी चिप तेवढी वाचलेली. तसली आता कुठंच मिळत नाही.

"तसंच ठेवलंयस व्हय?"

"तू नाहीस तर कशाला."

"दिवाळीला चित्र दाखवणार होतास की, लेका."

टेबल आता स्टँडवर आहे. एसट्या लागतायत, कुणी उतरत नाही. मग भंगारवाल्याचं दुकान. मग दवाखान्यातली खाट, अण्णाच्या हाताला सलाइनची पट्टी. त्याच हातानं तो कार्डावर सोल्डरचे टाके मारतोय. दुखतंय का, मी विचारतो. तो म्हणतो, धूर तोंडावर घेऊ नको.

एकच टाका राहतो. तो अण्णा माझ्यासाठी ठेवतो, कार्ड पुढं करतो. मी हात लांबवतो.

"आधी लोखंडाला हात लाव."

त्याचा कायमचा नियम. अंगातला करंट लोखंडात उतरवायचा, मगच कार्ड धरायचं. नाहीतर चिप मरते. खाटेचा दांडा हाताशीच आहे. मी लावत नाही.

"लावला तर तू जाशील."

"न्हाई लावलास तर ही जाईल." तो चिपकडं बघतो. "मी गेलोयच की रे, बाळ्या."

कार्ड धरून तो थांबलाय. अंगात अजून ताप आहे. किती वेळ धरणार बिचारा.

लावतो.

माग खटखटतायत. मी पलंगावर पालथा, एक हात खाली लोंबतोय. मुठीत अडकित्ता. बोटं सोडवायला दुसरा हात लागतो.

तळव्यावर दांड्याचा वळ उठलाय, लालभडक.

कार्ड टेबलावरच आहे. लोखंडाला हात लावून झालाय, आता उचलायला हरकत नाही. मी वळावर अंगठा फिरवत बसून राहतो.