मामांचं न वाचलेलं पत्र

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचे. आपल्याकडचे ज्यू शुभप्रसंगी करतात त्या मलिद्याच्या गोड पोह्यांचा वास आला की मला लंडनमधल्या क्रॉयडनच्या घरमालकीण आजी आठवतात. त्या मुंबईच्या ज्यू. त्यांचे मामा इस्रायलमध्ये हिब्रू कवी होते, पण भाचीला पत्रं मराठीतच लिहायचे. आजींनी धर्माबाहेर लग्न केल्यावर आलेलं शेवटचं पत्र त्यांनी भीतीने वाचलंच नाही, आणि पुढे त्या मराठी वाचायलाच विसरल्या. एक दिवस ते माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “तूच वाच रे. शिव्या असल्या तरी स्किप करू नकोस हं!” मी वाचलं, “पोरी, तुझ्या लग्नाच्या दिवशी मी इथे मलिदा केला. जावयांना घेऊन ये.” आजी म्हणाल्या, “आता उत्तर कोणाला लिहू? मामा तर गेले.” त्याच संध्याकाळी मी शाळेतल्या बाईंना पत्र लिहायला बसलो: “बाई, नोकरी लागून सहा वर्षं झाली, तुम्हाला कळवलंच नाही. तुम्ही बऱ्या आहात ना?”