बोल्टची पिशवी

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता सातपूरच्या एका कारखान्याच्या गेटवर गार्ड आहे. माझ्या ड्यूटीवरच्या जोडीदाराकडे स्वतःची बाराबोअर बंदूक आहे. लायसन जळगावचं. नूतनीकरणासाठी त्याला बंदूक घेऊन रेल्वेने जायचं होतं. परवा चहा पिताना म्हणाला, "काडतुसं भरूनच नेतो. वाटेत चोरबीर आला तर?"

मी त्याला चांगलाच झापला. बंदूक रिकामी, केसमध्ये, केसला कुलूप. काडतुसं वेगळ्या पिशवीत. लायसनची मूळ प्रत अंगावर, झेरॉक्स नव्हे. निघण्याआधी स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांना विचारून घ्यायचं. डब्यात कुणाला दाखवायची नाही, शेजारच्या पोरांना तर नाहीच. एवढं जमत नसेल तर काठी घेऊन जा म्हटलं, तिला लायसन लागत नाही.

"आणि अडचण आली तर?"

"आली तरी केस उघडायची नाही."

तो चहा संपवून उठला. मला मात्र चैन पडेना. गेटवर उगाच फेऱ्या मारल्या, दोन ट्रकवाल्यांवर विनाकारण ओरडलो. अडचण आली तर, हे शब्द ऐकले की मला मनमाड स्टेशन दिसतं.

मी तेव्हा नाशिकच्या छावणीत होतो. फायरिंग कॉम्पिटिशनसाठी चार रायफली जबलपूरला न्यायच्या होत्या, साध्या पॅसेंजर गाडीने, स्लीपरच्या डब्यातून. आदल्या संध्याकाळी आर्मरीसमोर सुभेदारसाहेबांनी आम्हा तिघांना फॉल-इन केलं.

"रायफलींची पेटी हवालदाराकडे. बोल्ट नाईक दौलतकडे. राउंड लान्स नाईक कारभारीकडे. तीन वस्तू, तीन माणसं. पोचेपर्यंत एका हातात यायच्या नाहीत. शंका?"

"नाही, साहेब."

राउंड म्हणजे गोळ्या, आणि बोल्ट हा मागेपुढे सरकून गोळी नळीत बसवणारा भाग, रायफलीचा जीव. तो काढून घेतला की उरतो तो लाकूड-लोखंडाचा दांडा. चोराने पेटी पळवली तरी त्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून आमच्या युनिटची रीत अशी होती की बोल्टची पिशवी छातीवर बांधायची, एक हात कायम तिच्यावर, आणि बोल्टवाल्याने वाटेत कुठल्याही स्टेशनवर खाली पाय ठेवायचा नाही. पाणीसुद्धा दुसऱ्याने आणून द्यायचं.

दौलत मालेगावजवळच्या खेड्यातला. त्याची मुलगी चार महिन्यांची झाली होती आणि त्याने तिला अजून पाहिलेलं नव्हतं. बारशाची रजा रद्द झाली होती. जबलपूरहून त्याला सरळ उत्तरेला, नव्या पोस्टिंगवर जायचं होतं. मालेगावकरांचं स्टेशन म्हणजे मनमाड. त्याने घरी फोन करून गाडीची वेळ कळवली होती.

मी म्हटलं, "साहेबांना सांग. बोल्ट दुसऱ्याला देतील."

"नको, उस्ताद. नाव लागलं ते लागलं. खिडकीतनं बघीन पोरीला. लय झालं."

कारभारी कळवणचा, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, "अरे, खिडकीतनं काय बघतो? ती काय सिग्नल हाय?"

दौलत हसला. पण नाशिकरोड सोडल्यापासून तो एका जागी ठरत नव्हता. पिशवीचा पट्टा घट्ट कर, सैल कर. लासलगाव गेलं का, विचार. मी पेटी साखळीने सीटच्या पायाला बांधली होती आणि वर पाय टाकून बसलो होतो. आमची जागा संकटकाळच्या खिडकीजवळ होती, जिला गज नसतात. दौलतने ती आधीच वर सरकवून ठेवली.

मनमाड आलं. प्लॅटफॉर्मवर तोबा गर्दी. दौलतची बायको सरला दिसेना. दौलत कमरेपर्यंत बाहेर वाकून दोन्ही बाजूंना पाहत होता. चहावाले आले नि गेले. सिग्नल मिळाला. आणि तेव्हा ती पुलाच्या पायऱ्यांवरून धावत येताना दिसली, काखेत पोर, मागे म्हातारे सासरे. त्यांची जीप वाटेत अडकली होती.

खिडकीपाशी आली तेव्हा तिला बोलवत नव्हतं. तिने पोर सरळ वर केली.

"एकदाव हातमा घ्या तिले!"

दौलतने डाव्या हाताने मुलगी आत घेतली. उजवा हात पिशवीवर. तो तिच्या तोंडाकडे बघतच राहिला, आणि गाडीला हिसका बसला.

"मनी पोर! मनी पोर गाडीमा शे!" ‘माझी पोर’ असं आपल्या अहिराणीत ओरडत सरला खिडकी धरून धावू लागली. दौलतने मुलगी बाहेर काढली, लगेच आत ओढली. चालत्या गाडीतून, गर्दीत, एका हाताने तान्हं पोर कसं देणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मुलगी किंचाळून रडत होती. डबा उठून उभा राहिला.

"अहो, ती पिशवी ठेवा ना खाली!" एक बाई ओरडली.

"पोर माझ्याकडे द्या, मी उडी मारतो," एक अनोळखी माणूस पुढे आला.

दौलत जागचा हलला नाही. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "उस्ताद."

मी वर हात केला आणि धोक्याची साखळी ओढली.

गाडी करकरत थांबली तेव्हा आमचा डबा प्लॅटफॉर्म सोडून बराच पुढे गेला होता. टीसी आला, मागोमाग रेल्वे पोलीस.

"चेन कुणी ओढली?"

"मी. हवालदार, ऑन ड्यूटी. मूल आत, आई बाहेर."

पोलिसाची नजर पेटीवर गेली. "यात काय आहे?"

"हत्यारं. ही मूव्हमेंट ऑर्डर."

"उघडा."

"डब्यात उघडत नाही, साहेब. तुमच्या अधिकाऱ्याला बोलवा, ठाण्यात उघडतो."

त्याने ऑर्डर वाचली, माझ्याकडे पाहिलं, दौलतच्या छातीवरच्या पिशवीकडे आणि काखेतल्या पोरीकडे पाहिलं. मग टीसीला म्हणाला, "जाऊ द्या." एवढ्यात सरला रुळांच्या कडेने खडीतून धावत दारापाशी पोचली होती. चप्पल एकाच पायात. कारभारीने तिला हात देऊन वर घेतलं आणि गाडी पुन्हा सुटली. टीसीने कपाळावर हात मारला. तिकीट चाळीसगावचं फाडलं आणि तिला म्हणाला, "ताई, आता शांत बसा. चाळीसगावला उतरा नि परतीची गाडी धरा." कारभारीने सासऱ्यांना फोन लावून दिला.

मनमाड ते चाळीसगाव. दौलतला आपल्या मुलीचा एवढाच प्रवास मिळाला. ती रडून रडून त्याच्या डाव्या दंडावर झोपली. त्याने तिच्या कपाळावरचं काजळ निरखलं, पायाची बोटं निरखली. सरला तिच्या खोड्या सांगत होती आणि तो ऐकत होता. उजवा हात पिशवीवरून हलला नाही.

मला ते बघवेना. म्हटलं, "दौलत, पिशवी दे माझ्याकडे. दोन्ही हातांनी घे तिला."

"पेटी तुमच्याकडं हाय, उस्ताद. बोल्टबी तुमच्याकडंच कसे देऊ?"

मला त्याचा भयंकर राग आला. त्याच्यासारखा माणूस आपल्या तुकडीत आहे म्हणून ऊरही भरून आला. मी तोंड फिरवून बाहेरची कपाशी बघत बसलो.

चाळीसगावला सरला उतरली. दौलत दारापर्यंत गेला, मुलगी खाली दिली आणि पायरीच्या आत उभा राहिला. खाली पाय ठेवला नाही. रायफली जबलपूरला बिनबोभाट पोचल्या. बोल्ट मोजून देताना त्याच्या छातीवर पट्ट्याचा वळ उठलेला मी पाहिला.

त्याच हिवाळ्यात उत्तरेत पेट्रोलिंगला असताना त्याला गोळी लागली. बातमी मला रोलकॉलला कळली.

मी त्याच्या गावी पोचलो तेव्हा माळावर सगळी पंचक्रोशी लोटली होती. सलामीची तुकडी उभी होती. सरलाला पुढे बोलावलं, तिरंगा घ्यायला. तिने आजूबाजूला पाहिलं आणि मुलगी माझ्याकडे दिली.

"भाऊ, धरा."

ऑर्डर झाली. तुकडीने एकदम बोल्ट ओढले. तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय. रायफल, बोल्ट, राउंड, तिन्ही एकाच हातात, आणि तेही दौलतसाठी. पहिली फैर झाली तशी मुलगी दचकली आणि माझ्या वर्दीला बिलगली.

माझ्याकडे पेटी नव्हती, पिशवी नव्हती. मी तिला दोन्ही हातांनी धरलं.